दर जुलैला अडणारी लाकडी खिडकी: सुताराला रंधा मारायला सांगण्याआधी

आमचं घर पुण्यात एरंडवण्यात, १९५८ सालचं. चौदा खिडक्या, सगळ्या सागवानी, दोन झडपांच्या, बाहेर उघडणाऱ्या आणि आतून चौकटीत गज. त्यातल्या पाच खिडक्या दर पावसाळ्यात अडतात. गेली वीसेक वर्षं त्या मीच सोडवते आहे. नणंदेच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या खिडक्याही आता माझ्याच गळ्यात आहेत. मी सुतार नाही. पण एकच दुखणं इतक्या वेळा बघितलं की काय आधी तपासायचं आणि काय अगदी शेवटी, याचा क्रम आपोआप बसतो.

आधी लक्षणं. "खिडकी लागत नाही" या एका तक्रारीत निदान सात-आठ वेगवेगळे आजार असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

– मार्चमध्ये बोटाने लागणारी झडप जुलैत तळहाताने रेटली तरी लागत नाही. दिवाळीनंतर आपोआप मोकळी होते.
– बाराही महिने घासते, आणि नेमकी एकाच कोपऱ्यात. खालच्या आडव्या लाकडावर कमानीसारखा ओरखडा उमटलेला असतो.
– झडप जवळजवळ बंद होते, पण हात काढला की चार बोटं मागे येते.
– दोन्ही झडपा लागतात, पण कडी भोकात जात नाही.
– बंद खिडकी वाऱ्यावर खडखडते, आणि सर आली की खालून पाणी येऊन गादीचं टोक भिजतं.
– काच हलते, लांबीचे (काच बसवताना खाचेत भरतात त्या लुकणाचे) तुकडे खाली पडलेले दिसतात.
– खालच्या कोपऱ्यातला रंग फुगलेला आहे आणि दाबलं तर नख रुततं.
– चौकटीवर मातीच्या रेघा आहेत किंवा खाली रोज चिमूटभर पिठासारखा भुसा पडतो.

शेवटची दोन लक्षणं असतील तर मधलं सगळं सोडा आणि "कुठे थांबायचं" हा भाग आधी वाचा.

जुलैत मारलेला रंधा

लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेची खिडकी अडली, म्हणून आम्ही सुतार बोलावला. त्याने पाच मिनिटं बघितलं, "दोन सूत काढतो" म्हणाला, आणि खरंच काढलं. खिडकी लोण्यासारखी लागायला लागली. एप्रिल आला तेव्हा दोन झडपांच्या मधल्या फटीतून पेन्सिल आरपार जात होती. मेमधली सगळी धूळ त्या फटीतून आत आली, मागोमाग पाली आल्या. सासूबाई वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत बसायच्या. शेवटी त्याच झडपेला पट्टी जोडून घ्यावी लागली. जे लाकूड पैसे देऊन काढलं तेच पैसे देऊन परत लावलं.

त्यात सुताराची चूक अर्धीच. उरलेली आमची, कारण आम्ही बोलावलंच जुलैत.

लाकूड फुगतं ते लांबीला नाही, रुंदीला. उभ्या पट्टीची उंची वर्षभर जवळपास तेवढीच राहते, बदलते तिची रुंदी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा पापड वाळावेत इतकी कोरडी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा इतकी ओली की मीठ ओघळतं. या दोन टोकांमध्ये सागाच्या आतला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी वरखाली होतो, असं धरून चाला. मग पाऊणशे मिलिमीटर रुंदीची पट्टी, लाकूड कसं चिरलंय त्यानुसार, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर फुगते. दोन झडपांच्या खिडकीत अशा उभ्या पट्ट्या चार. म्हणजे चौकटीच्या आतली एकूण रुंदी दोन ते तीन मिलिमीटरने भरली. साग त्यातल्या त्यात शहाणा, कमी हलणारा. जंगली लाकडाची झडप याहून जास्त फुगते.

दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटरपेक्षा जास्त. फुगवट्याच्या दुप्पट लाकूड त्या दिवशी उडालं होतं.

म्हणून माझा नियम असा की रंधा सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात कधीच नाही. त्याआधीच्या तपासण्यांमध्ये बहुतेक खिडक्या सुटतात.

खर्च शून्य: बघणं आणि झाडणं

पहिली तपासणी कॅलेंडरची. खिडकी फक्त पावसातच अडते की बारा महिने? मी वहीत लिहून ठेवते: कोणती खिडकी, कुठला कोपरा, कोणता आठवडा. दोन वर्षांच्या नोंदींवरून कळलं की आमच्या पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या खिडक्या आधी अडतात, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. पूर्वेची एकच अडते. तिच्यावरचा छज्जा आखूड आहे आणि मेमधला वळीव तिला झोडपून काढतो. आजार लाकडाचा की पाण्याचा, हे इथेच अर्धं समजतं.

दुसरी तपासणी कचऱ्याची. हसू नका. चौकटीच्या खाचेत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, कबुतराची विष्ठा वाळून दगड झालेली असते, कधी पडद्याच्या दांडीचा जुना खिळा बाहेर आलेला असतो. नणंदेकडे एक झडप तीन वर्षं "फुगलेली" होती. खाचेत आकाशकंदिलाच्या तारेचा तुकडा निघाला. जुना टूथब्रश आणि बोथट सुरी घेऊन चारही बाजू साफ करा, मग कोरड्या फडक्याने पुसा.

तिसरी, नेमकं कुठे घासतंय ते शोधणं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू घासा, झडप लागेल तितकी लावा आणि उघडा. खडू जिथे उमटला तिथेच ती अडते. रंग पांढरा असेल तर गेरूचा खडा. दहात सहा वेळा सगळी कड घासत नसते, हाताच्या पंजाएवढी जागा घासते. ती जागा पेन्सिलीने झडपेवरच खूण करून ठेवा. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

फट मोजायला बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी पाऊण मिलिमीटर, सगळीकडे सारखी. ऐन पावसाळ्यात चारही बाजूंनी एक कार्ड सरकलं तर खिडकी निरोगी. उन्हाळ्यात दोन कार्डं एकत्र सरकली तरी हरकत नाही. उन्हाळ्यातच एक कार्ड जात नसेल तर ती पावसाळ्यात अडणारच.

खर्च एका मेणबत्तीचा

खडूने दाखवलेली जागा कोरडी पुसून तिथे पांढरी मेणबत्ती जोरात घासा. साबणाची वडीही चालते, पण साबण ओल्या हवेत पाणी धरतो, म्हणून मेण बरं. मेणाने दोन गोष्टी होतात: घर्षण कमी होतं आणि उघड्या लाकडाला थोडा आडोसा मिळतो. पावसाळा निभवायला एवढं पुष्कळदा पुरतं. मात्र मेणावर रंग बसत नाही. पुढे रंगवण्याआधी ती जागा थिनरने पुसावी लागेल, तेव्हा गरजेपुरतंच लावा, अख्ख्या कडेला फासू नका.

आणि झडप रेटायची ती कडीजवळच्या लाकडावर तळहात ठेवून. काचेवर कधीच नाही. खांदाही लावायचा नाही. त्याने सांधे ढिले होतात, आणि मग एका आजाराचे दोन होतात.

बिजागरी: खरा गुन्हेगार इथे सापडतो

बारा महिने एकाच कोपऱ्यात घासणारी झडप फुगलेली नसते, उतरलेली असते. अर्धी उघडा, कडीच्या बाजूचा खालचा कोपरा दोन बोटांनी वर उचला. हलकीच वर येते? वरच्या बिजागरीकडे बघा. तिथे स्क्रू ढिला आहे, नाहीतर बिजागरीची मधली दांडी झिजली आहे. झडपेचं सगळं ओझं वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं, खालची नुसती टेकू दिल्यासारखी असते. म्हणून आधी वरची, नंतर खालची.

स्क्रू आवळायला गेलात आणि तो नुसताच फिरत राहिला, तर भोक मोठं झालंय. स्क्रू काढा. गुल तोडलेल्या काड्यापेटीच्या काड्या किंवा बांबूच्या कामट्या वॉटरप्रूफ फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा. रात्रभर वाळू द्या, वर आलेलं कापा आणि तोच स्क्रू परत पिळा. दुसरा उपाय, त्याच जाडीचा पण अर्धा इंच लांब स्क्रू. लांबी वाढवा, जाडी नको. जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या खळग्यात बसत नाही, वर राहतं, आणि मग झडप त्या डोक्यालाच अडते. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जुना स्क्रू हातावर ठेवून "हाच, पण दीड इंची" म्हटलं की मिळतो.

पितळी स्क्रू सागात थेट पिळू नका, मान मोडते. आधी तेवढाच लोखंडी पिळून आटे पाडून घ्या, मग पितळी स्क्रूला मेण लावून हलक्या हाताने बसवा.

साठ वर्षांच्या रंगाखाली स्क्रूची खाच दिसतच नाही. ती आधी टोकदार सुईने कोरून मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवून मागून हातोडीचा एक नेमका टोला द्या, मग फिरवा. तो टोला गंज मोडतो. अर्धवट बसलेल्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायला गेलात तर खाच जाते आणि मग तो स्क्रू तुमच्या हातातला राहत नाही.

आमच्यासारखे आतून गज असतील तर हे काम गजांमधून हात घालून करायचं. आखूड, ठेंगणा स्क्रूड्रायव्हर लागतो. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते: एका वेळी एकच स्क्रू काढायचा, तो परत बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. बाहेर उघडणारी झडप सुटली तर ती आत येत नाही, खाली जाते. खाली रस्ता असतो.

आता ती मागे येणारी झडप. हात काढला की उसळून उघडते, म्हणजे बिजागरी लाकडात प्रमाणापेक्षा खोल बसवलेली आहे. झडप कडीच्या बाजूला अडायच्या आधीच बिजागरीच्या बाजूला दाबली जाते. बिजागरीचं चौकटीकडचं पान मागे पॅकिंग घालून थोडं वर उचलायचं. लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी उत्तम, घरात साठलेल्याही असतात. पट्टी कापा, पानाच्या मागे सरकवा, स्क्रू आवळा.

हीच युक्ती उतरलेल्या झडपेलाही चालते. वरची बिजागरी घट्ट असूनही कडीच्या बाजूचा खालचा कोपरा घासत असेल, तर खालच्या बिजागरीमागे कागद घाला. झडपेचा खालचा भाग किंचित बाहेर ढकलला जातो आणि लोंबलेला कोपरा वर येतो. एक जाड पत्रिका, फार तर दोन. चार लागत असतील तर आजार दुसराच आहे.

कडी भोकात जात नाही ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. लोक कानस घेऊन भोक मोठं करत बसतात. मग झडप सरळ झाली की कडी त्या मोठ्या भोकात रात्रभर वाजत राहते.

रंगाचे थर

आमच्या घराला सहासात वर्षांनी एकदा रंग लागतो. म्हणजे आजवर दहा वेळा, दर वेळी दोन हात. ऑइल पेंटचा एक वाळलेला हात साधारण तीस-चाळीस मायक्रॉनचा. वीस हातांचे झाले सहाशे ते आठशे मायक्रॉन, म्हणजे एक एटीएम कार्ड. हे एका कडेवर. समोरच्या चौकटीवरही तेवढाच थर. झडप आणि चौकट यांच्यामध्ये आपण स्वतः पैसे देऊन दोन कार्डं भरून ठेवलीत, आणि वर सुताराला लाकूड काढायला सांगतो.

त्यामुळे लाकूड नव्हे, रंग काढा. फक्त मिटणाऱ्या कडांवरचा, फक्त खडूने दाखवलेल्या जागेचा. धारदार पटाशी जवळजवळ उभी धरून खरवडलं की पापुद्रे निघतात.

इथे एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमच्या खिडकीवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यात शिसं आहे असंच धरा. कोरडं घासू नका, ब्लो लँपने जाळू नका. पाण्याचा फवारा मारून ओलं खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा आणि पापुद्रे झाडणीने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने गोळा करा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या खोलीत हे काम आपण करूच नये.

ओल्या खरवडण्याने लाकडात पाणी जातं, म्हणून हेही पावसाळ्यात नको. डिसेंबर ते मे.

खालची कड, जिच्याकडे कोणी बघत नाही

वीस वर्षांत मला सापडलेली एकच मोठी गोष्ट सांगायची तर ही.

झडप उघडा, मोबाइलचा कॅमेरा वर करून तिच्या खालच्या कडेखाली धरा आणि फोटो काढा. आमच्या अडणाऱ्या पाचही खिडक्यांच्या फोटोत एकच दिसलं: कोरं, करडं पडलेलं लाकूड. रंगच नाही. १९५८ पासून एकदाही नाही. रंगारी लटकत्या झडपेला समोरून आणि मागून रंग देतो. खालची कड त्यालाही दिसत नाही, मालकालाही नाही.

आणि पाणी नेमकं तिथेच थांबतं. काचेवरून ओघळलेला थेंब खालच्या कडेला येऊन लटकतो. उभ्या पट्ट्यांची खालची टोकं म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. बाजूपेक्षा ती कितीतरी पटींनी वेगाने पाणी ओढतात. वरून तुम्ही कितीही महागाचा रंग दिलात तरी आतलं पाणी त्याच रंगाच्या आड अडकून बसतं. रंग फुगतो, झडप फुगते, पुढे कोपरा कुजतो. मधल्या काळात दर जुलैला तुम्ही मेणबत्ती घासत बसता.

उपाय स्वस्त आहे, फक्त तारीख पाळावी लागते. एप्रिलअखेर, लाकूड सगळ्यात कोरडं असताना. आधी पॉलिश पेपरने घासा. साग तेलकट असतो, त्यावर रंग धरत नाही, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. ब्रश आत जात नाही. मी फूटपट्टीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळते, ती रंगात भिजवते आणि झडपेखालून ओढते. प्रायमरचा एक हात, ऑइल पेंटचे दोन. उभ्या पट्ट्यांच्या टोकांना एक हात जास्तीचा.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पाचांपैकी तीन खिडक्यांना हे केलं. त्या वर्षी पुण्यात पावसाने कहर केला होता, तरी दोन अजिबात अडल्या नाहीत. तिसरी अडली, तिचं कारण पुढे येईल.

याच वेळी खिडकीखालचं बाहेरचं लाकूडही बघा. त्याचा उतार बाहेर हवा आणि खालच्या बाजूला एक बारीक लांबट खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीकडे न जाता खाचेपाशी थेंब होऊन पडतं. आमच्याकडे ती खाच रंगाने पूर्ण बुजली होती. खिळ्याच्या टोकाने कोरून काढली.

लांबी

काच हलत असेल तर पाणी काचेच्या खालच्या कडेने झडपेच्या पोटात जातं आणि वरची सगळी मेहनत वाया घालवतं. लांबी म्हणून भिंतीची पुट्टी भरू नका. दुकानदार देतो, लोक भरतात, वर्षात वड्या पडून गळते. खिडकीची लांबी खडूच्या भुकटीत अळशीचं तेल घालून मळलेली असते. तयार मिळते, घरीही होते, पुऱ्यांच्या कणकेइतकी घट्ट मळायची.

जुनी सुटी लांबी तेवढीच काढा, घट्ट बसलेली उकरू नका, काच फुटते. उघड्या पडलेल्या खाचेला आधी प्रायमर. हे टाळलंत तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि ती महिन्याभरात तडकते. मग काचेमागे लांबीची पातळ गादी, काच दाबून बसवणं, चुका (बारीक खिळे) मारणं आणि पुढून उताराची लांबी. आठ-पंधरा दिवसांनी वर कातडं धरलं की रंग द्या आणि रंगाची कड काचेवर दोन मिलिमीटर येऊ द्या. तोच पाण्याचा खरा बांध.

अळशीच्या तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग फेका.

सांधे

ती तिसरी खिडकी. झडपेचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे हवेत. आमच्यात चार मिलिमीटरचा फरक होता. झडप गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. खालच्या आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, उभ्या पट्टीच्या भोकात ढिलं झालं होतं, आणि झडप हिऱ्याच्या आकारात कलली होती. अशा वेळी बिजागरीमागे पत्रिका घालणं म्हणजे लंगड्याला टाचेखाली पुठ्ठा देण्यासारखं.

फरक दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर पावसाळ्यापुरती एल पट्टी मारता येते. झडपेखाली पाचर देऊन कोपरा वर उचला, सांध्यात फेविकॉल सोडा, आतल्या बाजूने पट्टी आणि चार स्क्रू. पण ही मलमपट्टीच. लोखंडामागे पाणी राहतं, गंज धरतो आणि पाच-सात वर्षांत तिथलंच लाकूड जातं. खरी दुरुस्ती म्हणजे झडप उतरवून, सांधा उघडून, नवं कुसू किंवा पाचर घालून लाकडी खुंटी मारणं. ते सुताराचं काम. मी त्यात पडले नाही.

रंधा, अखेर

वरचं सगळं करूनही ऑगस्टमध्ये एटीएम कार्ड जात नाही, तर लाकूड खरंच जास्त आहे. तरी काढायचं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऑगस्टच्या पेन्सिल खुणेवर. खूण असल्यामुळे सुतार अंदाजाने काढत नाही.

शक्यतो कडीच्या बाजूने काढू देऊ नका. दोन झडपा जिथे मिटतात तिथे एकमेकींवर बसणारी खाच असते. ती बिघडली की पाऊस सरळ आत. झडप उतरवून बिजागरीच्या बाजूने काढायला सांगा. बिजागरीचे खळगे परत थोडे खोल करावे लागतात, सुतार कुरकुरतो, पण काम नीट होतं. आणि रंधा मारलेली कड त्याच दिवशी प्रायमरने झाकली गेली पाहिजे. उघडं ठेवलेलं ताजं लाकूड पुढच्या पावसात आधीपेक्षा जास्त पाणी पितं.

वर-खाली सरकणारी खिडकी असेल तर

अशा खिडक्या पुण्यात विरळा. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात मी दोन बघितल्या. त्यांना बिजागरी नसते. चौकटीच्या पोटात दोन्ही बाजूंना लोखंडी वजनं लपलेली असतात, कप्पीवरून दोरी जाते आणि झडपेचं वजन तोलते. वरखाली न जाण्याचं पहिलं कारण इथेही रंगच: रंगाने झडप चौकटीला चिकटते, किंवा दोरी रंगून ताठ होते. बोथट सुरीने कडेचा रंग कापा, सरकणाऱ्या मार्गावर मेण लावा, दोरी मात्र कधी रंगवू नका. झडप वर थांबत नसेल तर दोरी तुटली आहे. तेव्हा खाली हात घालू नका, अशी झडप सुरीसारखी उतरते. चारही दोऱ्या एकदमच बदलून घ्याव्यात, कारण एक गेली की बाकीच्या त्याच वयाच्या असतात.

कुठे थांबायचं

स्क्रूड्रायव्हरचं टोक कोपऱ्यात दाबा. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत अडलं तर खरवडून, वाळवून, रंगवून भागतं. त्याहून आत गेलं तर तो भाग कापून नवा तुकडा जोडावा लागतो, सुतार बोलवा. जोडायला नवं लाकूड घेण्यापेक्षा पाडलेल्या वाड्यांमधला जुना साग बरा. तो पुरता सुकलेला असतो, फारसा हलत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात विचारा. तुकडा गाभ्याचा आहे ना, ते बघून घ्या. बाहेरचा फिकट भाग कीड आनंदाने खाते. नणंदेच्या वाड्याच्या तळमजल्याच्या खिडक्या १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात बुडाल्या होत्या. गाभ्याच्या सागाच्या त्या चौकटी आजही उभ्या आहेत. नंतर कोणीतरी जंगली लाकडाची एक बसवली, ती दोनदा बदलून झाली.

मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. रेघ पुसून, रॉकेल ओतून भागत नाही, वाळवी जमिनीतून येते आणि तुम्हाला दिसली ती फक्त वाट. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, आणि ते होईपर्यंत लाकडाचं काम थांबवा.

वरच्या मजल्यावर बाहेरून काम करायचं असेल तर शिडीवरून नको. परांची बांधणारा माणूसच हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खिडकी याआधी कधीच अडत नव्हती, यंदा अचानक अडली, दोन्ही झडपा एकदम. मग झडप सोडा, चौकटीचे कर्ण मोजा, बाजूला ओळंबा सोडा. जुन्या घराची चौकट थोडी कललेली असतेच, ते कलणं वर्षानुवर्षं तसंच असेल तर घाबरू नका. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग गेली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. दोन-तीन आठवड्यांत भेग रेघेच्या पुढे गेली, किंवा तिच्यात एटीएम कार्ड आरामात जायला लागलं, तर भिंत किंवा वरची तुळई बसते आहे. अडलेली खिडकी तेव्हा त्या भिंतीचं ओझं झेलत असू शकते. तिचा एक कपटाही काढू नका. सुताराला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि वाडा असेल तर त्या खोलीत झोपणं आजपासून बंद करा.

सुतारच बोलवायचा असेल तर त्याला "रंधा मारून द्या" असं सांगू नका. ऑगस्टची पेन्सिल खूण, कर्णांची मापं आणि खालच्या कडेचा फोटो समोर ठेवा. झडप उतरवलेली असतानाच खालची कड रंगवून मग टांगा, हे आधीच ठरवून घ्या. ती एकदा टांगली की मग पुन्हा फूटपट्टी आणि टॉवेल.